आजच्या बाई

आमच्या शाळेत एकशे त्रेचाळीस मुलं होती आणि बाकं पाच मापांची. खाली चार वर्षांची पोरं, वर सोळा वर्षांची, आणि चढायला-उतरायला एकच जिना. म्हणून मोठ्यांनी भिंतीच्या बाजूने उतरायचं आणि लहानांनी कठडा धरून चढायचं असा नियम होता. तरी रोज कुणी ना कुणी कुणाच्या तरी पोटावर आदळायचंच. ही जागा आधी गाद्यांचं दुकान होती. चार जोडप्यांनी मिळून ती घेतली, कारण त्यांना आपली मुलं कुठल्याच एका धर्माच्या शाळेत घालायची नव्हती. त्या चार घरांतच चार तऱ्हा होत्या. त्यामुळे आमच्या प्रवेश अर्जावर धर्माचा रकाना नव्हता आणि सकाळी प्रार्थनेऐवजी सगळ्यांनी दोन मिनिटं शांत उभं राहायचं असे. बालवर्गातली मुलं त्याला 'गप्प' म्हणायची. उशिरा आलेलं पोर दारातून हळूच विचारायचं, "गप्प झालं का?"

मी वरच्या मजल्यावर नववी-दहावीला गणित शिकवायचे. ज्यांच्याबद्दल सांगते आहे त्या बाईंना मात्र ठरलेला वर्ग नव्हता. त्या बदलीवर यायच्या. कुणी शिक्षिका आजारी पडली, कुणाकडे लग्न निघालं, कुणाचं मूल तापलं की सकाळी साडेसहाला त्यांच्या घरी फोन जायचा, आणि साडेसातला त्या शाळेच्या फाटकात हजर. असं सतरा वर्षं चाललं. पहिल्या वर्षी बालवर्गातल्या एका मुलाला त्याच्या आईने विचारलं, आज वर्गावर कोण होतं? तो म्हणाला, "आमच्या बाई नव्हत्या. आजच्या बाई होत्या." आईने ते शाळेत येऊन सांगितलं, आम्ही पोट धरून हसलो, आणि ते नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. पुढेपुढे मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, त्याही फोनवर म्हणू लागल्या, "आजच्या बाई आहेत का?"

बदलीचं काम त्यांनी घेतलं ते आईमुळे. त्या सत्तावीस वर्षांच्या असताना आईच्या अंगावरून वारं गेलं. वडील आधीच गेलेले, भावंडं नाहीत. शिक्षिकेचा पूर्ण अभ्यासक्रम दोन वर्षांचा, तोही दिवसभराचा. तो अर्ध्यावर सुटला. बदलीचं काम असेल त्या दिवशी शेजारच्या काकू आईपाशी बसायच्या. काम नसेल त्या दिवशीही आजच्या बाई सहा वाजता आंघोळ करून, साडी नेसून, पर्स भरून फोनजवळ बसायच्या. पावणेसात झाले की आई पलंगावरून विचारायची, "नाही बोलावलं?" त्या म्हणायच्या, "सगळ्या ठणठणीत आहेत आज." मग पदर खोचून भांडी घासायला घ्यायच्या.

त्यांच्यासारखी बदली बाई मी दुसरी पाहिली नाही. कुठल्याही वर्गात गेल्या की आधी फळ्यावर बघायच्या. तिथे त्या वर्गाच्या बाईंचं काही लिहिलेलं असलं तर ते पुसायच्या नाहीत, उरलेल्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं काम करायच्या. निघताना टेबलावर चिठ्ठी ठेवायच्या. अशी एक चिठ्ठी माझ्याकडेही अजून आहे. "समीकरणं पान बेचाळीसपर्यंत झाली. मागच्या बाकावरच्या दोघांना कळलेलं नाही, पण ते तसं म्हणणार नाहीत. खिडकीजवळचा मुलगा दुपारभर गप्प होता. घरी काही असावं." मी त्या मुलाला वर्षभर शिकवत होते आणि तो गप्प असतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यांची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे चौथीच्या बाई. दोघींचं एकमेकींशी कुठेच जमायला नको होतं. आजच्या बाई बारीक आवाजाच्या, चालताना भिंतीच्या कडेने जाणाऱ्या. चौथीच्या बाई हसल्या तर वरच्या मजल्यावर माझ्या वर्गात ऐकू यायचं. त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानाचे मालक, तेही अबोल, त्यामुळे चौथीच्या बाई म्हणायच्या, "माझ्या नशिबात सगळी मुकी माणसं. बोलायचं काम एकटीने किती ओढू?" दोघी मधल्या सुट्टीत एकच डबा उघडायच्या. आजच्या बाईंना बोलावलेलं असो-नसो, चौथीच्या बाई दोघींपुरतं आणायच्या.

आजच्या बाईंनी कायमच्या नोकरीसाठी दोनदा विचारलं. पहिल्यांदा अभ्यासक्रम पुरा नाही म्हणून राहिलं. दुसऱ्यांदा, आई जाऊन वर्ष झालं होतं तेव्हा, मोठ्या बाई प्रेमाने म्हणाल्या, "अहो, तुम्ही कायम झालात तर आम्ही बदलीला कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" त्यात खोट काही नव्हती, त्यांना ते कौतुकच वाटत होतं. आजच्या बाईही हसल्या. घरी जाऊन त्यांनी सगळे पडदे काढले आणि धुतले, धुतलेले पुन्हा भिजवले आणि पुन्हा धुतले. चौथीच्या बाईंनी हे ऐकलं तेव्हा त्या तरातरा मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या आणि दहा मिनिटं त्यांचा आवाज बाहेर येत राहिला. उपयोग झाला नाही, पण आजच्या बाई ते कधी विसरल्या नाहीत.

त्याच वर्षी एकदा दोघी शिंप्याकडे बसल्या होत्या. चौथीच्या बाई ब्लाऊजचं माप देता देता म्हणाल्या, "कंटाळा आला गं मला. एकवीस वर्षं तोच वर्ग, तेच भागाकार. माझा वर्ग घेऊन टाक तू. मी घरी बसून लोळते." त्या थट्टेतच बोलल्या. आजच्या बाईंनीही थट्टेतच हात उडवला. पण मनात त्या म्हणाल्या, दे ना. खरंच दे. हे मला फार नंतर कळलं.

सहा महिन्यांनी चौथीच्या बाईंच्या पोटात गाठ निघाली.

दुसरं सत्र सुरू होऊन तीनच आठवडे झाले होते. त्या दिवशी साडेसहाचा फोन मोठ्या बाईंचा नव्हता, चौथीच्या बाईंचा स्वतःचा होता. "पंधरा दिवस सांभाळ," त्या म्हणाल्या. "गाठ काढतील, टाके घालतील, आणि मी येतेच. माझ्या कपाटाची किल्ली कुंडीखाली आहे. आणि ती बटण आहे ना, तिला पहिल्या बाकावर बसवू नकोस. ती फळ्याकडे बघत नाही, नुसती आपल्या तोंडाकडे बघते." बटण म्हणजे वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी. गोल चेहरा, गोल डोळे, आणि कुठलंही बटण दिसलं की पिळून तोडायची सवय.

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. गाठ काढली, पण सगळी निघाली नाही. आजच्या बाई रोज सत्तावीस मुलांचा वर्ग घ्यायच्या आणि रोज चिठ्ठी लिहायच्या. शाळा सुटली की वाटेत चष्म्याच्या दुकानात ती द्यायच्या आणि भाऊजी, म्हणजे चौथीच्या बाईंचे यजमान, घरी घेऊन जायचे. दारावरची पाटी त्यांनी तशीच ठेवली. भिंतीवरचा वाढदिवसांचा तक्ता चौथीच्या बाईंच्या अक्षरातला, तोही तसाच. टेबलामागच्या खुर्चीवर त्या बसत नसत. वह्या तपासायला मागच्या बाकावर जायच्या.

पहिले काही दिवस मुलं सारखी विचारायची, आमच्या बाई कधी येणार? मग एकेक मूल विचारायचं थांबलं. नऊ वर्षांची मुलं ती. दोन महिने म्हणजे त्यांच्यासाठी केवढा काळ. आजच्या बाई मात्र चिठ्ठीत लिहीत राहिल्या, "आज तिघांनी तुझी चौकशी केली." सुरुवातीला ते खरं होतं.

वर्गही हळूहळू बदलू लागला. बाकांच्या ओळींत मागच्या मुलांना ऐकू जात नाही, त्यांचा तर आवाजच बारीक, म्हणून त्यांनी बाकं अर्धगोलात लावून घेतली. मुलांना मजा वाटली. बटण एकदम बोलू लागली. भागाकार जमू लागले. एक दिवस बटण वही दाखवायला आली आणि शेजारच्या मुलीला कोपराने ढकलून म्हणाली, "सरक, आमच्या बाईंना दिसत नाहीये." आजच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या बाई आजारी आहेत, बाळ. मी आजची." बटण म्हणाली, "हो, पण रोजच आज असतं."

त्या संध्याकाळी त्या मैत्रिणीला भेटायला गेल्या. आनंदात होत्या, म्हणून सांगून बसल्या. बाकं कशी लावली, बटण कशी बोलायला लागली, सगळं. चौथीच्या बाई उशीला टेकून ऐकत होत्या. चेहरा उतरलेला, हाताच्या शिरा वर आलेल्या. मध्येच म्हणाल्या, "बाकं कुणाला विचारून हलवलीस?"

"अगं, मागच्यांना ऐकू जात नव्हतं."

"मी एकवीस वर्षं ओळींत शिकवलं. सगळी बहिरी राहिली का?"

"तसं नाही गं."

"मग कसं? मी मेलेली नाही अजून. वर्ग माझा आहे. तू आजची बाई आहेस, आजचीच राहा."

स्वयंपाकघरात भाऊजींच्या हातातलं भांडं खाली टेकल्याचा आवाज आला. आजच्या बाईंनी पर्स उचलली, उशीखालची चादर सारखी केली आणि निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत लवकर आले होते. खाली बाकं ओढल्याचा आवाज येत होता. त्या एकट्याच अर्धगोल मोडून पुन्हा ओळी लावत होत्या. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "तुम्ही नका, ही माझी मीच लावली होती." मुलं आली आणि कुरकुरली. का पण? छान होतं की. त्या म्हणाल्या, "तुमच्या बाईंना असंच आवडतं." बटण मागच्या बाकावर गेली आणि पुन्हा गप्प झाली.

चिठ्ठ्या थांबल्या नाहीत. पण आता त्यांत फक्त चौथीच्या बाईंना जे ऐकायचं असेल तेच असायचं. मुलं तुझी आठवण काढतात. तुझ्यासारखं कुणाला जमत नाही. बाकं जागेवर आहेत. खोटं लिहायची त्यांना सवय नव्हती. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसून त्या एकेक ओळ ठरवायच्या, आणि डबा उघडायचा राहून जायचा.

महिन्याभराने भाऊजींनी दुकानातून निरोप दिला. "ताई, तिने बोलावलंय. हजेरीचा कॅटलॉग घेऊन या म्हणाली."

कॅटलॉग शाळेबाहेर न्यायचा नसतो. त्यांनी तो साडीच्या पदराखाली धरून नेला, आणि मला फाटकावर पहारा द्यायला उभं केलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मोडलेला हा एकच नियम. चौथीच्या बाई तोवर पलंगावर उठूनही बसू शकत नव्हत्या. म्हणाल्या, "हजेरी घे."

"आत्ता?"

"घे ना. मी काय कुठे जातेय?"

आजच्या बाईंनी पहिलं नाव वाचलं. पलंगावरून उत्तर आलं, "हजर," पण नाकातून, कारण तो मुलगा बारा महिने सर्दीने भरलेला असायचा. दुसरं नाव. "हजर बाई," घाईघाईत, कागदाची बोट लपवत असल्यासारखं. तिसरं नाव वाचल्यावर जरा वेळ काहीच नाही, मग दचकून "आँ? हजर." तो खिडकीबाहेर बघणारा. आवाज निघत नव्हता, पण प्रत्येक मूल ओळखू येत होतं. भाऊजी दाराशी येऊन उभे राहिले आणि हसू लागले. आजच्या बाईही हसत होत्या, डोळे पुसत होत्या, नावं वाचत होत्या. बटणचं नाव आलं तेव्हा चौथीच्या बाईंनी नुसती मान हलवली, कारण बटण तोंडाने हजर म्हणायचीच नाही. तिचं ते मान हलवणंही त्यांना पाठ होतं.

पंधराव्या नावाला त्या थकल्या. डोळे मिटून म्हणाल्या, "बाकीचे?"

"बाकीचेही आलेत."

"सगळे?"

"सगळे आलेत गं."

"मग ठीक आहे."

बाकांचा विषय दोघींनीही काढला नाही. काढायला हवा होता, असं आजच्या बाई मला नंतर म्हणाल्या. मी म्हटलं, काढून काय झालं असतं?

त्यानंतर नऊ दिवसांनी, बुधवारी, साडेसहाला फोन वाजला. त्या तर रोजच शाळेत जात होत्या, त्यांना आता कोण बोलावणार? फोनवर भाऊजी होते. ते म्हणाले, "ताई, पहाटे गेली." आणि पुढे म्हणाले, "तुम्ही शाळेत जा. मुलांना दुसऱ्या कुणी सांगायला नको."

मोठ्या बाई म्हणत होत्या की मी सांगते, तुम्ही घरी जा. पण आजच्या बाई वर्गात गेल्या आणि मी दाराशी उभी राहिले. त्यांनी उगाच गोलगोल काही सांगितलं नाही. देवाघरी, ताऱ्यांत, असलं काही नाही. आमच्या शाळेत ते चाललंही नसतं, कुणाच्या घरी एक मानतात, कुणाच्या घरी दुसरं. त्या म्हणाल्या, "तुमच्या बाई आज पहाटे वारल्या. त्या खूप आजारी होत्या. आता त्या येणार नाहीत." एक मुलगा फिसकन हसला आणि मग घाबरून रडू लागला. त्याला कुणी रागावलं नाही. आपण गप्प उभं राहू या, असं त्या म्हणाल्यावर मुलं उभी राहिली. सर्दीवाल्या मुलाने विचारलं, "बाई, गप्प राहून मनात काय म्हणायचं?"

आमच्या शाळेत हे कधी कुणी विचारलं नव्हतं. आजच्या बाई म्हणाल्या, "घरी कुणी गेल्यावर जे म्हणतात ते म्हणा. काही म्हणत नसतील तर बाई कशा हसायच्या ते आठवा."

दोन मिनिटं सत्तावीस मुलं उभी होती. काहींचे ओठ हलत होते, एकेकाचे वेगवेगळे. मी वर माझ्या वर्गावर जायला निघाले तर दहावीची मोठी मोठी मुलं जिन्यात बसली होती. सगळी कधी ना कधी चौथीच्या बाईंकडे शिकलेली. त्या दिवशी कुणी भिंतीच्या बाजूने की कठड्याच्या, हे बघितलं नाही.

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून पत्र दिलं. चौथीचा वर्ग, कायम. अभ्यासक्रमाची अट काढून टाकली होती. मोठ्या बाई "अभिनंदन" म्हणाल्या आणि म्हणता म्हणता त्यांच्याच लक्षात आलं. त्या टेबलावरचे कागद सारखे करत बसल्या. शिक्षकांच्या खोलीत आम्ही टाळ्या वाजवल्या. इतक्या पडेल टाळ्या मी कधी ऐकल्या नाहीत. आजच्या बाईंनी पत्राची घडी घालून ते पर्समध्ये ठेवलं आणि सगळ्यांना चहा ओतला.

सुट्टीत त्या चष्म्याचा नंबर तपासायला गेल्या, तेव्हा मी सोबत होते. भाऊजी एकटेच दुकान बघत होते. शर्टाची इस्त्री मोडलेली, दाढी मात्र रोजच्यासारखी गुळगुळीत. त्यांनी बाईंची हनुवटी यंत्रावर ठेवली, काचा बदलत राहिले. हे स्पष्ट की हे? हे की हे? त्या अक्षरं वाचत होत्या आणि मध्येच थांबल्या.

"भाऊजी, मला वर्ग मिळाला."

"कळलं. चांगलं झालं."

"मी एकदा तो मागितला होता. मनात. ती शिंप्याकडे थट्टेत म्हणाली घेऊन टाक, आणि मी मनात म्हटलं दे. तेव्हा तिला काही झालेलं नव्हतं."

मी आरशाजवळ चौकटी बघत असल्याचं सोंग केलं. भाऊजींनी यंत्रातली काच काढली, फडक्याने पुसली, पुसलेली पुन्हा पुसली.

"ताई," ते म्हणाले, "शेवटच्या महिन्यात मी रोज मागायचो, सुटू दे हिला म्हणून. तिच्यासाठी मागत होतो की माझ्यासाठी, ते मला अजून कळलेलं नाही. मनात मागितल्याने होत असतं तर मग तुमच्याआधी माझंच नाव येईल."

त्यांनी काच पुन्हा बसवली. "ही ओळ वाचा." बाईंनी वाचली. दोन अक्षरं चुकली. भाऊजींनी ती चुकलेली तशीच कागदावर लिहून घेतली. तेवढ्यात एक आई आपल्या लहान मुलाला पहिल्या चष्म्यासाठी घेऊन आली आणि भाऊजी उठून त्याच्याकडे गेले, त्याला स्टुलावर बसवलं, नाक किती मोठं आहे बघू म्हणाले. मुलगा हसला. आजच्या बाई हनुवटी त्या यंत्रावर तशीच ठेवून बसून राहिल्या. मी जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा उठल्या.

सुट्टी संपली, नवी चौथी आली, त्या रुजू झाल्या. दारावर नवी पाटी लागली. बटण आता पाचवीत, वरच्या मजल्यावर. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी मी खडू मागायला त्यांच्या वर्गात गेले. खेळाचा तास होता, मुलं मैदानावर होती. त्या टेबलामागच्या खुर्चीत बसल्या होत्या, दोन्ही हात टेबलावर पसरलेले, आणि रडत होत्या. मुळीच आवाज न करता. त्यांनी मला पाहिलं नाही. घंटा व्हायला दोन मिनिटं होती. मी दार लोटून घेतलं, मैदानावर गेले, आणि मुलांना म्हटलं, आज आणखी दहा मिनिटं खेळा.